चिमणीच्या उजेडातली आजी

दिवाळी महिन्यावर आली की आपल्या सगळ्यांच्याच अंगात येतं, तसं माझ्याही आलं आणि मी माळा आवरायला काढला. पितळी घंगाळ, मुलांची जुनी पुस्तकं, एक फुटका माठ (तो का जपून ठेवला होता देव जाणे!) आणि सगळ्यात मागे आत्याची हिरवी ट्रंक. ट्रंकेत दोन नऊवारी, शाळेतली हजेरीची वही आणि चामडी कव्हरमधला एक जडच्या जड कॅमेरा.

नेमका तेव्हाच भंगारवाला दारात. त्याने कॅमेरा हातात तोलून पाहिला. "पितळ असंल आत. दोनशे देतो ताई."

मी 'अडीचशे' म्हणणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "त्याला हात लावू देऊ नको गं!" आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे. चहा दिलेला तिला ऐकू येत नाही, पण हे बरोबर ऐकू आलं.

आमच्या जालन्याला आत्या शिक्षिका होती. लग्न केलं नाही. धाकटे काका जहाजावर नोकरीला. साठीच्या दशकात त्यांनी जपानहून हा कॅमेरा आणला, कॅनन-७. आणला स्वतःसाठी, पण बोटीवर सुटी कुठली? शेवटी तो आत्याच्याच गळ्यात पडला. बाईमाणसाच्या हातात एवढा महागाचा कॅमेरा, म्हणून गावात चर्चा झाली ती वेगळीच.

पुण्यात असलेल्या मुलाला मी त्याचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन. "आई, कोणाला देऊ नको. कॅमेऱ्याचं सोड, पुढची लेन्स बघ!"

लेन्स म्हटलं की मला मोतीबिंदूचं ऑपरेशनच आठवतं. पण ही लेन्स म्हणजे लहान खलबत्त्याएवढा ऐवज, वजन सहाशे ग्रॅमच्या वर. तिच्या कडेवर ०.९५ असा आकडा कोरलाय. हा आकडा जितका लहान तितका लेन्सचा दरवाजा मोठा, म्हणजे उजेड जास्त आत येणार. बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांचा आकडा तेव्हा साडेतीनच्या आसपास असायचा. हिशेब केला तर ही लेन्स त्याच्या साडेतेरापट उजेड आत घेते. १९६१ साली ती बाजारात आली, तेव्हा माणसाच्या डोळ्याच्या चौपट तेज अशी तिची जाहिरात होती. ती फक्त कॅनन-७ आणि त्यानंतरच्या ७-एस या कॅमेऱ्यांवर बसायची. आता हौशी लोक तिची बैठक बदलून नव्या डिजिटल कॅमेऱ्यांवर लावतात. म्हणूनच चांगल्या स्थितीतल्या लेन्सला परदेशात लाखांत किंमत मिळते.

लाखांत! मी भंगारवाल्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणार होते.

पण मला सांगायचंय ते आजीच्या फोटोबद्दल. अंबड तालुक्यात आमचं माळवदाचं घर. भर दुपारी माजघरात अंधार, स्वयंपाकघरात तर एका झरोक्यावर कारभार. त्या काळच्या बायकांचे फोटो आठवा. लग्नातला एक, तोही स्टुडिओत, कागदी फुलांच्या फुलदाणीशेजारी काठीसारखं उभं राहून. आजीचा तेवढाही नव्हता. आजोबा गेल्यावर ती म्हणायची, "आता माझा कशाला काढता?" अंगणात उन्हात कॅमेरा दिसला की पदर तोंडावर.

मग आत्याने ती पहाटे चुलीपुढे बसलेली असताना गाठलं. उजेड किती, तर चुलीचा जाळ आणि एक रॉकेलची चिमणी. आत्या उंबरठ्यावर कोपर टेकवून बसली. या कॅमेऱ्यात नेमकं अंतर साधायला एक गंमत असते. डोळा लावला की मधोमध दोन प्रतिमा दिसतात, एकावर एक न बसलेल्या. लेन्सची कडी फिरवत त्या एकजीव करायच्या. त्यात ही लेन्स एवढी जाडजूड, की खिडकीचा खालचा उजवा कोपरा तीच अडवते. आणि पूर्ण उघडी असताना मीटरभरावर नीट दिसतो तो जेमतेम बोटभर जाडीचा पट्टा. आजीच्या डोळ्यावर साधलं तर कान धूसर. आत्या म्हणते, चार रोल वाया गेले. रोल तेव्हा काय भावाने मिळायचे आणि शिक्षिकेचा पगार काय!

पाचव्या रोलमध्ये आजी सापडली. सेकंदाच्या आठव्या भागात काढलेला फोटो. साध्या कॅमेऱ्याला त्याच उजेडात पावणेदोन सेकंद लागले असते, आणि भाकरी थापणारा हात तेवढा वेळ कुठे थांबतो? तरी हात थोडे हललेच आहेत. डोळा मात्र स्वच्छ, त्यात चिमणीचा ठिपका. ती कोणासाठी बसलेली नाही, भाकरीकडे बघते आहे. आमच्या घरात देवाशेजारी हाच फोटो आहे. तो कशामुळे निघाला हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

मुलाने आणखी एक सांगितलं, ते ऐकून मात्र मला फारच नवल वाटलं. या कंपनीने १९३४ साली केलेल्या पहिल्यावहिल्या नमुना कॅमेऱ्याचं नाव होतं 'क्वानोन'. म्हणजे जपानी लोकांची करुणेची देवता, आपल्याकडचा अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला पद्मपाणी उभा आहे ना, तोच! लेन्सचं नावही बुद्धाच्या शिष्यावरून, 'कश्यपा'. क्वानोनचं पुढे कॅनन झालं. १९३६ साली पहिला कॅमेरा विक्रीला आला, तर त्यावर लेन्स दुसऱ्याच कंपनीची होती, आज जिला निकॉन म्हणतात तिची. शाळेच्या सहलीला आपण सगळ्या अजिंठ्याला गेलो, पद्मपाणीपुढे उभ्या राहिलो. त्याचं नाव आत्याच्या ट्रंकेत असेल असं कोणाला वाटलं असतं?

आता खरी अडचण. काचेत बुरशी धरली आहे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. पन्नास वर्षं चामडी कव्हरात बंद. चामडं ओल धरतं आणि बुरशीला तेच हवं असतं. एका शहरातल्या दुकानदाराने बघितल्याबरोबर सांगितलं, "हिची आता काही किंमत नाही, पाच हजार देतो." काही किंमत नाही तर पाच हजार कशाला देतोस बाबा? मी लेन्स पिशवीत घातली आणि परत आले. बुरशी जाणकाराकडून साफ होते, पण तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर डाग राहतात, असं मुलगा म्हणतो. तुमच्याही माळ्यावर असा कॅमेरा असेल तर चामडी कव्हर बाजूला काढा. घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. आणि कृपा करून काच पदराने पुसू नका. मी पुसली, बोलणी खाल्ली.

विकायची की ठेवायची, यावर घरात दोन तट आहेत. आत्याच्या औषधपाण्याचा खर्च दर महिन्याला वाढतोय, ते मला दिसतंय. आत्याला विचारलं तर म्हणाली, "विका खुशाल. माझ्या उपयोगाची नाही आता." आणि थोड्या वेळाने, "पण आधी एक रोल आणून दे."

रोल मागवलाय. धुवायला पुण्याला पाठवावा लागणार. काल संध्याकाळी वीज गेली, तर आत्या अंधारात मला म्हणाली, "जरा मेणबत्तीजवळ सरक गं, बघू दे."