मुळाक्षरांतले प्राणी : ‘घ’ – घोरपड, घुबड, घोळ आणि घोणस

गेल्या आठवड्यात ‘ग’ने गवा, गिधाड आणि गेंडा अशी दांडगी मंडळी आणली होती. ‘घ’ची यादी तेवढी भारदस्त नाही. घार, घूस, घुबड, घोरपड, घोणस, घोडा आणि समुद्रातला घोळ. (घडियाल उत्तरेकडच्या नद्यांतलं, मराठीत त्याला सुसर म्हणतात, तेव्हा त्याची गाठ ‘स’ला.) यांतला एकही प्राणी बघायला अभयारण्याचं तिकीट काढावं लागत नाही. शेताचा बांध, पडका वाडा, मासळीबाजार, गावाबाहेरची पांद, इथंच ही सगळी भेटतात. आणि तरीही आपण त्यांना नीट ओळखत नाही, कारण माणसाला यांतला अख्खा प्राणी क्वचितच हवा असतो. कुणाचं कातडं हवं असतं, कुणाच्या नख्या, कुणाच्या पोटातली पिशवी, तर कुणाचं विष.

घार आणि घूस यांना हे दुखणं फारसं नाही, म्हणून त्यांच्याबद्दल थोडक्यात. घार शहराला सरावली आहे. कचरा डेपो, खाटीकखाने आणि उंच झाडं असली की तिचं भागतं. दुभंगलेल्या शेपटीवरून ती आकाशात लगेच ओळखू येते. कोकणच्या बंदरांवर तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार दिसते. संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या मांज्याने घारींचे पंख कापले जातात, दरवर्षी जातात, आणि हे थांबवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. घूस म्हणजे उंदराच्या कुळातला धिप्पाड प्राणी. घराच्या पायाखाली बिळं करते, धान्याची नासाडी करते. तिच्यावर राग असणं मी समजू शकतो.

आता घोरपड. पावसाळ्याच्या तोंडावर माळावर तिला चालताना जरूर पाहावं. खांदे आळीपाळीने पुढे टाकत, मान जमिनीला समांतर ताणून ती संथ चालते आणि दर दोन पावलांना लांब, टोकाला दुभंगलेली जीभ बाहेर काढून आत घेते. या जिभेने ती हवेतले आणि मातीवरचे गंधाचे कण गोळा करते. टाळूत असलेल्या एका खास इंद्रियाकडे ते पोचले, की भक्ष्य कोणत्या बाजूला आहे ते तिला कळतं. वाटेत शेणाचा पो दिसला तर थांबते, पुढच्या पायांच्या नख्यांनी तो उकरते आणि आतले भुंगे एकेक करून मटकावते. किडे, विंचू, गोगलगायी, बेडूक, उंदीर, पक्ष्यांची अंडी असा तिचा आहार. शेपटीसकट पूर्ण वाढलेली घोरपड दीड मीटरच्याही पुढे जाते. मादी बिळात किंवा वारुळात अंडी घालून तोंड मातीने बुजवते आणि निघून जाते. पिल्लं कित्येक महिन्यांनी बाहेर पडतात.

मराठी माणसाला घोरपड म्हटली की सिंहगड आठवतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी ‘यशवंती’ नावाच्या घोरपडीला दोर बांधून कडा सर केला, अशी ही कथा. पोवाड्यांनी ती घरोघरी पोचवली; इतिहासाचे अभ्यासक मात्र ती खरी मानत नाहीत. माझंही मत त्यांच्याच बाजूचं आहे. घोरपड माणसाचं ऐकून हव्या त्या दिशेला चढत नाही, आणि मावळ्यांना कडा चढायला तिची गरजही नव्हती. पण कथेच्या मुळाशी एक खरं निरीक्षण आहे. घोरपड कपारीत शिरली, की फुप्फुसांत हवा भरून अंग फुगवते आणि नख्या दगडात रुतवते. मग तिला ओढून काढणं महाकठीण. ही ताकद कुणीतरी जवळून पाहिली असणार, त्याशिवाय ती गोष्टीत आली नसती.

ही पकड माणसापासून मात्र तिला वाचवू शकत नाही. मांसासाठी तिला पकडतात, तेलासाठी मारतात. गोव्यात घुमट या वाद्याच्या तोंडावर पिढ्यान्‌पिढ्या घोरपडीचंच कातडं ताणलं जात होतं. मातीच्या घड्याचं रुंद तोंड त्याने मढवायचं आणि शिगम्यात, आरत्यांत ते घुमवायचं. वन्यजीव संरक्षण कायद्याने हे बंद झालं, वादकांनी बकरीचं कातडं स्वीकारलं. जुने वादक पूर्वीच्या नादाची आठवण काढतात, ते स्वाभाविक आहे. पण वाद्य टिकलं. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, तेही घोरपडीच्या कातड्याविना. परंपरा जपायची तर प्राणी मारावाच लागतो, असं म्हणणाऱ्यांसाठी इतकं चांगलं उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘हत्थाजोडी’. पूजेच्या सामानात आणि तांत्रिकांच्या दुकानांत जोडलेल्या हातांच्या आकाराची एक काळपट वस्तू दुर्मीळ मुळी म्हणून विकली जाते. ती शेंदरात ठेवतात, तिजोरीत ठेवतात, धनलाभाची वाट पाहतात. २०१७ साली या व्यापाराचा माग काढणाऱ्या संशोधकांनी नमुने तपासले, तेव्हा ते घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय निघालं. काही नमुने तर निव्वळ प्लॅस्टिकचे होते. घोरपड कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. तिच्या शिकारीला आणि अवयवांच्या व्यापाराला तीन ते सात वर्षांची कैद आहे. घरातल्या कुणी भाबडेपणाने अशी मुळी आणली असेल, तर त्यांना हे सांगायलाच हवं.

घुबडाची गतही अशीच. त्याच्या नख्या, पिसं, कवटी, डोळे जादूटोण्यासाठी विकले जातात, आणि उत्तरेत दिवाळीच्या आसपास ही मागणी वाढते. आपल्याकडे घुबड अशुभ मानलं गेलं. ‘घुबडाला दगड मारू नये, तो दगड घुबड पाण्यात नेऊन झिजवतं आणि दगडाबरोबर मारणाराही झिजत जातो,’ असं गावाकडे म्हातारी माणसं पोरांना बजावत. या भीतीने किती घुबडं वाचली असतील कोण जाणे, पण घुबडाकडे बघायची हौसही तिनेच मारली.

बघण्यासारखं पुष्कळ आहे. गव्हाणी घुबडाचा चेहरा बदामाच्या आकाराचा, पसरट. त्या चेहऱ्यावरची ताठ पिसं आवाज गोळा करून कानांकडे वळवतात. दोन कानांची छिद्रं एका उंचीवर नसतात, एक वर आणि एक खाली. त्यामुळे आवाज डावीकडून आला की उजवीकडून एवढंच नव्हे, तर वरून आला की खालून हेही त्याला कळतं. रॉजर पेन या अमेरिकन संशोधकाने पूर्ण अंधाऱ्या खोलीत गव्हाणी घुबड ठेवून जमिनीवर पानं पसरली आणि उंदीर सोडले. पान वाजलं, की घुबड अचूक झडप घालत असे. त्याच्या एका कानात कापसाचा बोळा घातल्यावर मात्र नेम चुकू लागला. (हाच पेन पुढे देवमाशांच्या गाण्यांमुळे जगभर प्रसिद्ध झाला.) उंदराला मात्र घुबड येताना ऐकू येत नाही, कारण उड्डाणपिसांच्या पुढच्या कडेला बारीक दाते असतात आणि मागची कड झालरीसारखी मऊ असते, हवा कापल्याचा आवाज त्यांत विरून जातो. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीला इला फाउंडेशनने २०१८ पासून घुबड महोत्सव सुरू केला. तिथं शाळकरी मुलं घुबडांची चित्रं काढतात, त्यांच्याविषयी ऐकतात. अंधश्रद्धेवर नुसती भाषणं देण्यापेक्षा हे मला जास्त मोलाचं वाटतं. रानपिंगळा या घुबडाचं हरवणं आणि ११३ वर्षांनी १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडणं ही विलक्षण कहाणी आहे, पण ती ‘र’साठी राखून ठेवतो.

घोळ माशाचं वेगळंच. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका बोटीला एकाच फेरीत १५७ घोळ लागले आणि लिलावात त्यांना सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले. बातमी राज्यभर गाजली. मासा चवीला चांगला आहेच, पण एवढे पैसे मांसाचे नव्हते. ते त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचे होते. ही पिशवी वाळवून पूर्व आशियात जाते. तिथं ती पौष्टिक पक्वान्न आणि औषध म्हणून खातात. माशाला मात्र पिशवी पाण्यात तरंगण्यासाठी लागते, आणि घोळच्या कुळातले मासे तिच्यावर स्नायू थरथरवून आवाज काढतात. जोडीदाराला साद घालायचं साधनच त्याच्या जिवावर उठलं आहे. विणीच्या काळात हे मासे थव्याने एकत्र येतात, त्यामुळे एकाच जाळ्यात सगळे सापडतात. कोळी बांधवांना मिळालेल्या पैशाबद्दल आनंदच आहे. समुद्रावर आयुष्य काढणाऱ्यांना असा दिवस क्वचित दिसतो. पण विणीसाठी जमलेला अख्खा थवा उचलला, तर पुढच्या पिढीतल्या कोळ्यांच्या जाळ्यात काय येणार, हा प्रश्न मच्छीमार संस्थांनीच ऐरणीवर आणायला हवा. गुजरातने २०२३ मध्ये घोळला राज्यमासा जाहीर केलं आहे.

आणि घोणस. पाठीवर काळ्या कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी, त्रिकोणी चपटं डोकं, आखूड जाड अंग. डिवचली, की वेटोळं घालून कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार सोडते. तिला अजगराचं पिल्लू समजून हात लावल्याने माणसं गेली आहेत. उलट बिनविषारी डुरक्या घोणस केवळ ठिपक्यांच्या साम्यामुळे मारली जाते. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, एका वेळी वीस ते चाळीस, कधी त्याहूनही जास्त. ही पिल्लं मे ते जुलैच्या दरम्यान बाहेर पडतात, म्हणजे नेमकी आपल्या पेरणीच्या दिवसांत. पिल्लू जन्मल्या क्षणापासून विषारी असतं.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यात घोणशीचा वाटा फार मोठा आहे. तिचं विष रक्ताची गोठण्याची यंत्रणा एकदम चालू करतं, गोठवणारे घटक काही वेळात संपून जातात आणि मग रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं, मूत्रपिंडं निकामी होतात. ग्रामीण रुग्णालयात याची तपासणी अगदी साधी असते. दोन-तीन मिलिलिटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतात, वीस मिनिटं नळी जराही न हलवता उभी ठेवतात आणि मग एकदाच आडवी करतात. रक्त ओघळलं, की विष भिनल्याचं निदान होतं आणि प्रतिविष सुरू करतात. नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या स्पर्शाने निरोगी रक्त गोठायला लागतं. प्लॅस्टिकमध्ये उत्तर चुकतं. दंशाची जागा कापणं, आवळून बांधणं, मांत्रिकाकडे नेणं यात हीच मोलाची मिनिटं वाया जातात. दंश झालेला हात किंवा पाय हलू न देता रुग्णालय गाठायचं, बस.

हेच विष १९३४ साली लंडनमध्ये वेगळ्या कामी आलं. मॅकफार्लेन हे डॉक्टर आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले बार्नेट यांनी घोणशीच्या विषाचं अतिशय पातळ द्रावण हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमांवर लावून रक्तस्राव थांबवून दाखवला. रक्ताच्या काही तपासण्यांत ते विष आजही वापरतात.

विषावरचा उतारा येतो तो ‘घ’च्याच घोड्याकडून. विषाचे थोडे थोडे डोस टोचून घोड्याच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ देतात आणि मग त्याचं रक्त काढून त्यातून प्रतिविष करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव या कामाशी कित्येक दशकं जोडलेलं आहे. पण घोड्याला टोचायचं विष कुठून येतं? मुख्यतः तमिळनाडूतून. तिथले इरुला आदिवासी पूर्वी कातड्याच्या व्यापारासाठी साप मारत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो व्यापार बंद पडला, आणि १९७८ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आता ते साप पकडतात, काही आठवडे ठेवून विष काढतात आणि पुन्हा रानात सोडतात. ज्या हातांनी कातडी सोलली, त्याच हातांनी आज देशभरातले जीव वाचतात. २०२३ मध्ये या समाजातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना पद्मश्री मिळाली.

यात एक अडचण शिल्लक आहे. घोणशीचं विष प्रांतोप्रांती बदलतं, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. एका ठिकाणच्या विषापासून केलेलं प्रतिविष सगळीकडे सारखंच गुणकारी ठरत नाही. आपल्या राज्यात घोणस मुबलक आहे आणि तिच्या दंशाने जाणारे शेतकरी, शेतमजूरही आहेत. तेव्हा इथल्या घोणशीचं विष काढणारी आणि तिला जिवंत सोडून देणारी व्यवस्था महाराष्ट्रात उभी राहायला हवी. सर्पमित्रांची मोठी फळी आपल्याकडे आहे; त्यांना रीतसर प्रशिक्षण आणि परवाने देऊन हे काम सुरू करता येईल. राज्याच्या आरोग्य आणि वन खात्यांनी एकत्र बसून हा विषय हाती घ्यावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

‘ङ’ने सुरू होणारा प्राणी मराठीत नाही, त्यामुळे पुढच्या आठवड्यात थेट ‘च’ : चौशिंगा, चितळ, चिंकारा आणि भारतात परतलेला चित्ता.