साडेचार एकरांची रोमाने-कॉन्ती: एका बाटलीला चार कोटी का मिळाले?

(ज्यांना हेडफोन लावायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा लेखी अवतार. बोलताना झालेली 'म्हणजे', 'म्हणजे' थोडी कमी केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे ठरला. आपल्या एका श्रोत्याने विचारलं, "दादा, वाइनची एक बाटली साडेपाच लाख डॉलरला विकली गेली म्हणे. आत काय सोनं विरघळवलं होतं का?"

प्रश्न चेष्टेतला असला तरी उत्तर गंमतशीर आहे. तर बातमी खरी आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात १९४५ सालची 'रोमाने-कॉन्ती' नावाची एक बाटली ५,५८,००० डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने चार कोटी रुपयांच्या वर. लिलाववाल्यांचा स्वतःचा अंदाज होता ३२ हजार डॉलरपर्यंतचा! म्हणजे अंदाजाच्या सतरापट.

आधीच सांगून टाकतो, मी ही वाइन चाखलेली नाही आणि माझ्या पगारात ते शक्यही नाही. पण किंमत एवढी कशी होते, हे समजून घ्यायला बाटली उघडायची गरज नाही. चला, एकेक थर उलगडू.

गट नंबरवर ठरणारी इज्जत

फ्रान्सच्या पूर्व भागात बर्गंडी नावाचा प्रदेश आहे. दिजों शहरापासून दक्षिणेकडे एक लांबट, पूर्वेकडे तोंड केलेला उतार जातो. त्यावर व्होन-रोमाने नावाचं छोटं गाव आहे आणि गावाच्या वरच्या बाजूला १.८१ हेक्टरचा एक तुकडा आहे. आपल्या भाषेत साडेचार एकर. त्या तुकड्याचं नाव रोमाने-कॉन्ती, आणि त्यातून निघणाऱ्या वाइनचं नावही तेच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फ्रान्समधल्याच बोर्दो भागात १८५५ साली जी प्रसिद्ध प्रतवारी झाली, ती वाइन बनवणाऱ्या मळ्यांची, म्हणजे 'शातो'ची होती. मालकाने शेजारची जमीन विकत घेतली तरी दर्जा शातोच्या नावालाच चिकटून राहतो. बर्गंडीत तसं नाही. तिथे दर्जा जमिनीच्या तुकड्याला असतो. समजा तुमच्या सातबाऱ्यावरच्या गट नंबरलाच सरकारने 'अव्वल' असा शिक्का दिला, आणि बांधापलीकडच्या गटाला 'मध्यम'. द्राक्ष तेच, पिनो न्वार. पाऊस तोच. पण मातीतला चुना, चिकणमाती, उतार आणि निचरा बदलला की भाव बदलतो. अशा नाव असलेल्या तुकड्यांना तिकडे 'क्लिमा' म्हणतात. युनेस्कोने २०१५ साली बर्गंडीच्या अशा १,२४७ क्लिमांना जागतिक वारसा यादीत घेतलं.

आता मालकी. मध्ययुगात हा तुकडा सेंट-व्हिव्हां मठातल्या भिक्षूंकडे होता. १७६० मध्ये कॉन्तीच्या राजपुत्राने तो विकत घेतला, म्हणून नावाला 'कॉन्ती' जोडलं गेलं. फ्रेंच राज्यक्रांतीत तो जप्त झाला आणि पुढे विकला गेला. १८६९ मध्ये दुव्हो-ब्लोशे नावाच्या व्यापाऱ्याने घेतला. त्याच्या वंशातलं द व्हिलेन कुटुंब, आणि १९४२ मध्ये अर्धा वाटा विकत घेतलेलं लेरुआ कुटुंब, अशी दोन घरं आजही हा मळा चालवतात. मळ्याचं नाव 'दोमेन द ला रोमाने-कॉन्ती'. जगभरचे शौकीन नुसतं 'डीआरसी' म्हणतात. त्यांच्याकडे ला ताश, रिशबुर्ग असे इतरही नामांकित तुकडे आहेत, पण मुकुटातला हिरा हाच.

मामाला पडलेला प्रश्न

माझा मामा निफाड तालुक्यात द्राक्षबागायतदार आहे. या भागाची तयारी करताना मी त्याला फोन लावला आणि हिशोब मांडला.

रोमाने-कॉन्तीच्या साऱ्या तुकड्यातून वर्षाला साधारण पाच-सहा हजार बाटल्या निघतात. एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात असं धरलं, तर साडेचार एकरांतून जेमतेम सहा-सात टन माल. म्हणजे एकरी दीड टन. मामा खाण्याच्या द्राक्षांचे एकरी दहा टन काढतो.

मामा दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "अरे, मग बाग फेल गेली म्हण की!"

तर नाही, फेल गेलेली नाही. तिथे मुद्दाम माल कमी धरतात. वेली म्हाताऱ्या, छाटणी कडक आणि घड थोडेच. थोड्या घडांमध्ये चव एकवटते, हा हिशोब. त्यात रासायनिक औषधं नाहीत, आणि वेलींमधली माती घट्ट होऊ नये म्हणून ट्रॅक्टरऐवजी घोड्याने नांगरतात. आपण सॉफ्टवेअरवाले उठसूट 'स्केल करा, स्केल करा' म्हणतो ना? इथे स्केलच होत नाही. मागणी शंभरपट झाली तरी साडेचार एकरांचे पाच एकर होणार नाहीत, कारण बांधापलीकडे नावच बदलतं.

१९४५: शेवटचं पीक

आता चार कोटींच्या बाटलीकडे येऊ. १९४५ च का?

१८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फायलोक्सेरा नावाची बारीक कीड फ्रान्सला पोचली. माव्याची लांबची बहीण म्हणा. ही मुळांवर जगते. अमेरिकन वेलींना तिची सवय होती, युरोपच्या वेलींना नव्हती. बागाच्या बागा वाळत गेल्या. शेवटी उपाय सापडला तो कलमाचा: खाली अमेरिकन खुंट, वर फ्रेंच डोळा.

नाशिक-सांगलीकडच्या मंडळींना हे शिकवायची गरजच नाही. आपल्याकडेही डॉगरिज खुंट आधी लावतात आणि मग त्यावर थॉमसनचा डोळा भरतात. आपलं कारण कमी पाणी आणि खारवट जमीन. पण तो डॉगरिजही मूळ अमेरिकेचाच!

फ्रान्समध्ये जवळपास सगळ्यांनी कलमं केली. रोमाने-कॉन्तीच्या मालकांनी मात्र हट्ट धरला, आमच्या वेली स्वतःच्या मुळांवरच राहतील. त्यासाठी जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचून कीड दाबून ठेवायचे. खर्चिक आणि कष्टाचं काम, पण अनेक दशकं जमलं. मग दुसरं महायुद्ध आलं. रसायन मिळेना, माणसं मिळेनात. वेली खंगत गेल्या. १९४५ च्या वसंतात गोठवणारी थंडी पडून कोवळे फुटवे जळाले. जे थोडं उरलं त्यातून सुमारे ६०० बाटल्या निघाल्या. फक्त ६००! पण उन्हाळा चांगला तापला होता, त्यामुळे वाइन अफाट उतरली असं जाणकार सांगतात.

त्यानंतर साऱ्या जुन्या वेली उपटल्या. १९४६ ते १९५१, सलग सहा वर्षं रोमाने-कॉन्ती बनलीच नाही. १९४७ मध्ये ला ताशमधल्या वेलींच्या काड्या कलम करून नवी लागवड केली. नव्या वेलींची पहिली वाइन १९५२ ची.

म्हणजे १९४५ ची बाटली हे त्या जुन्या मुळांचं शेवटचं पीक. पिऊन संपलेल्या बाटल्या परत बनत नाहीत, फुटलेल्याही नाहीत. आकडा फक्त खालीच जातो.

पण ती खरी कशावरून?

इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. व्हेरिफाय कसं करणार? उघडून चाखली तर बाटली संपली. नाही उघडली तर लेबल, बूच आणि काच यांवरच विश्वास.

याचाच फायदा घेतला रुडी कुर्निआवान नावाच्या तरुणाने. अमेरिकेतल्या वाइन वर्तुळात त्याचं टोपणनावच 'डॉक्टर कॉन्ती' पडलं होतं. तो पार्ट्यांमध्ये खऱ्या महागड्या बाटल्या उघडायचा, लोकांचा विश्वास कमवायचा, आणि रिकाम्या बाटल्या जपून ठेवायचा. कॅलिफोर्नियातल्या घरात बसून स्वस्त वाइन मिसळून 'जुनी' वाइन तयार करायचा.

फसला कुठे? एप्रिल २००८ मध्ये त्याने बर्गंडीच्याच पोंसो कुटुंबाच्या एका वाइनच्या जुन्या बाटल्या लिलावाला लावल्या, त्यातली सर्वांत जुनी १९४५ ची. आणि पोंसो कुटुंबाने ती वाइन बनवायला सुरुवात केली होती १९८० च्या दशकात! लोराँ पोंसो स्वतः न्यूयॉर्कला जाऊन लिलावात हजर राहिले आणि बाटल्या मागे घेतल्या गेल्या. पुढे २०१२ मध्ये कुर्निआवानला अटक झाली, घरात हजारो बनावट लेबलं सापडली, आणि २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

आता कळेल २०१८ ची ती बाटली एवढी का चढली. ती रोबेर द्रुएँ या बर्गंडीच्याच नामवंत वाइन व्यावसायिकाच्या तळघरातून आली होती. मळ्यातून निघाली, त्यांच्या तळघरात विसावली आणि थेट लिलावाला आली. मध्ये संशयाला जागा नाही. चार कोटींतला मोठा हिस्सा या स्वच्छ इतिहासाचा आहे.

भाव वाढतो तेव्हा कोणाचं काय जातं?

इथपर्यंत सगळं श्रीमंतांच्या गमतीसारखं वाटेल. पण किंमत शेतापर्यंतही पोचते.

२०१० मध्ये मळ्याचे प्रमुख ओबेर द व्हिलेन यांना धमकी आली: दहा लाख युरो द्या, नाहीतर बाग मारून टाकू. नुसती धमकी नव्हती. मोजक्या वेलींना खरंच भोकं पाडून विष टोचलं होतं. पोलिसांनी जवळच्या शांबोल-म्युसिन्यी गावच्या स्मशानभूमीत खोट्या नोटांची बॅग ठेवली आणि घ्यायला आलेल्याला पकडलं. बाग वाचली. पण विचार करा, वेलीला ओलीस धरावं असं माणसाला वाटलं, इतकी तिची किंमत झाली होती.

दुसरा धोका जास्त शांतपणे येतो. वाइन महागली की जमीन महागते. जमीन महागली की वारसा करही चढतो. फ्रान्समध्ये मुलांना मिळणाऱ्या वारशावर सर्वांत वरचा दर ४५ टक्क्यांपर्यंत जातो. द्राक्षं पिकवणाऱ्या घरात तीन भावंडं असली आणि एकालाच शेती करायची असली, तर बाकीच्यांचा वाटा आणि कर भरायला पैसे आणणार कुठून? मग विकावं लागतं. २०१४ मध्ये शेजारचा क्लो दे लांब्रे हा मळा एलव्हीएमएच या महाकाय समूहाने घेतला. २०१७ मध्ये मोमेसां कुटुंबाने १९३२ पासून सांभाळलेला क्लो द तार हा मळा अब्जाधीश फ्रांस्वा पिनो यांच्या समूहाकडे गेला.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्याच्या बागेजवळून मोठा रस्ता जातोय. "भाव विचारायला रोज कोणी ना कोणी येतो," तो म्हणाला. "कागदावर मी करोडपती आहे. पण छाटणीच्या मजुरीला पैसे सोसायटीतूनच उचलतो."

तर आपल्या श्रोत्याच्या प्रश्नाचं उत्तर असं: बाटलीत सोनं नव्हतं. त्यात होता साडेचार एकरांचा एक गट, जो वाढू शकत नाही; मुळांची एक पिढी, जी परत येणार नाही; आणि बाटली खरी असल्याची खात्री. उरलेला भाग दोन पैसेवाल्यांनी एकाच वेळी हात वर केल्याचा.

आणि किराणा दुकानासमोरच्या गाडीवर द्राक्षं घ्याल तेव्हा गाडीवाल्याला एवढं विचारा, "कुठल्या गावची?" गावाचं नाव विचारायची ही सवयच बर्गंडीत पार गट नंबरापर्यंत गेली आहे.

पुढच्या भागाचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, तीस सेकंदांच्या आत. भेटू!