आतड्याचं वय, मेंदूची वाढ

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव महाराष्ट्राला कळलं ते १९९२-९३ साली, तिथे शंभराहून अधिक आदिवासी बालकं कुपोषणाने दगावली तेव्हा. त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाल्यानंतर, २०१६ मध्ये, मोखाड्यातल्या खोचचं नाव त्याच कारणाने वर्तमानपत्रांत झळकलं. दोन्ही वेळा चर्चा झाली ती मृत्यूंच्या आकड्यांची. जी मुलं वाचली, त्यांच्या मेंदूचं पुढे काय झालं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. या प्रश्नाच्या उत्तराची एक वाट आतड्यातून जाते.

अंगणवाडीत ताई मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल, साडेबारापेक्षा कमी तर पिवळा, त्यापुढे हिरवा. लाल रंगातल्या मुलाला ग्राम बाल विकास केंद्रात दिवसातून अनेकदा थोडं थोडं खाऊ घालतात, वजन वाढतं, सगळ्यांना हायसं वाटतं. मग दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जातात, मूलही सोबत जातं, आणि परत येतं तेव्हा पट्टी पुन्हा लालच दाखवते. हाताला काम नाही, उन्हाळ्यात पाणी नाही, ही कारणं जुनीच आहेत. पण या घसरणीला डोळ्यांना न दिसणारं आणखी एक कारण आहे.

अमेरिकेतल्या सेंट लुईसचे जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याचे तहमीद अहमद यांच्या गटाने २०१४ मध्ये ते दाखवून दिलं. निरोगी बाळाच्या आतड्यातले जिवाणू वयाबरोबर ठरावीक क्रमाने बदलत जातात आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मोठ्या माणसांसारखे होतात. तीव्र कुपोषित मुलात हा क्रम रखडतो. मूल दीड वर्षाचं असलं तरी जिवाणूंची घडण त्याहून लहान बाळाची राहते. उपचाराचा आहार सुरू असेपर्यंत ती थोडी सुधारते आणि तो थांबल्यावर पुन्हा मागे पडते.

मग या गटाने जिवाणूंनाच पोसणारा आहार तयार केला. त्यात हरभऱ्याचं पीठ, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्चं केळं होतं. ढाक्याच्या मिरपूर वस्तीतल्या मध्यम कुपोषित मुलांना तो तीन महिने दिला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष थक्क करणारे होते. नेहमीच्या तयार आहारापेक्षा यात उष्मांक कमी असूनही वजन जास्त वेगाने वाढलं. शिवाय हाडांच्या आणि मज्जासंस्थेच्या वाढीशी जोडलेली प्रथिनं मुलांच्या रक्तात वाढलेली आढळली. यावरून मुलं अधिक हुशार झाली असं म्हणता येत नाही. पण दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो, म्हणून या काळातलं प्रत्येक जेवण मोलाचं.

आतड्याचा मेंदूशी संबंध येतो तो असा. डाळी आणि भरड धान्यांतला चोथा आपल्याला पचत नाही, जिवाणूंना पचतो. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. ती आतड्याचं अस्तर धडधाकट ठेवतात आणि शरीरातला दाह कमी करतात. आतड्यापासून मेंदूपर्यंत जाणारी व्हेगस नावाची नसही निरोप पोहोचवत असते. दूषित पाण्यामुळे वारंवार जुलाब झाले की अस्तर झिजतं आणि दाह कायमचा मुक्कामाला येतो.

हीच साखळी आता आयुष्याच्या दुसऱ्या टोकालाही तपासली जात आहे. अल्झायमरच्या रुग्णांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता कमी असल्याचं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या संशोधकांना २०१७ मध्ये आढळलं. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या गटाने २०२३ मध्ये रुग्णांचे जिवाणू उंदरांत सोडले, तेव्हा उंदरांची स्मृती बिघडली. माणसात मात्र जिवाणूंमुळे रोग होतो की रोगामुळे जेवण बदलून जिवाणू बदलतात, याचा निवाडा झालेला नाही. त्यामुळे स्मृती वाढवण्याच्या नावाखाली प्रोबायोटिकच्या महागड्या पुड्या विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि शहरापेक्षा खेड्यात त्याचं प्रमाण जास्त आहे. टाळता येण्याजोग्या कारणांत अपुरं शिक्षण हे एक मोठं कारण मानलं जातं. जे मूल अर्धपोटी वाढतं, त्याची शाळाही अर्धवट सुटते. माझ्या मते वांगणीचा प्रश्न म्हातारपणच्या मेंदूशीही जोडलेला आहे, तो इथे.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे यांच्या गटाने २०१२ मध्ये एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्यांचे जिवाणू तपासले होते. म्हणजे काम जाणणारी माणसं आपल्याकडे आहेत. अमृत आहार योजनेत मुलांना अंडं किंवा केळं मिळतं. जव्हार-मोखाड्यात नागली आणि उडीद पिकतात. याच घासांतून आपल्या मुलांसाठी कोणतं मिश्रण लागू पडतं, हे सरकारने आणि शास्त्रज्ञांनी मिळून अंगणवाडीतच तपासून पाहावं, आणि वजनाबरोबर मुलांचं बोलणं, खेळणं, शिकणंही नोंदवावं. ढाक्यात जे होऊ शकलं, ते मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत नक्की होऊ शकतं.