तपासणी निर्दोष, तरी झोप का नाही?

“डॉक्टर, अशक्तपणा वाटतो, ताकदीचे इंजेक्शन द्या.” पुण्या-चाकणहून सुट्टीला आलेला तरुण पाथर्डीच्या माझ्या दवाखान्यात असे म्हणतो, तेव्हा मी नाडी, वजन, रक्तदाब पाहतो. सगळे ठीक असते. मग सोबतच्या मित्राला बाहेर बसवतो. हळूहळू खरे कारण निघते. जिच्याशी पुढे लग्न वगैरे काही ठरलेले नव्हते अशा मुलीशी एक-दोनदा संबंध आला आणि तेव्हापासून झोप उडाली, छातीत धडधडते. अशा वेळी इंजेक्शनचा काडीचाही उपयोग नसतो.

वाचकहो, असा संबंध आला म्हणजे मन बिघडतेच असे नाही. दोघांची राजीखुशी असली, अपेक्षा सारखी असली, तर पुष्कळांना काही त्रास होत नाही. घोर लागतो तो एकाने जीव लावला आणि दुसऱ्याने फोन उचलणे बंद केले तेव्हा, दारूच्या अंमलात किंवा दडपणाखाली घडले तेव्हा. मुलींना बदनामीची धास्ती वेगळीच. गोष्ट दोघांची, बोभाटा मात्र एकीचा!

शरीराच्या भीतीला निदान मुदत असते. गर्भ राहू नये म्हणून घ्यायची तातडीची गोळी 72 तासांत, जितकी लवकर तितकी बरी. निरोध वापरला नसेल व एचआयव्हीची शंका असेल, तर 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठावे. गरज वाटल्यास तेथे 28 दिवसांची प्रतिबंधक औषधे सुरू करतात. दुसऱ्याच दिवशी केलेल्या रक्ततपासणीवरून त्या संबंधाबद्दल काहीच कळत नाही. तीन महिन्यांनंतरची निर्दोष आली की ती शंका मिटली. 2017 च्या कायद्यानुसार संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही व निकाल गुप्त ठेवावा लागतो. माहितीसाठी 1097 हा मोफत क्रमांक आहे.

मनाचे तसे नाही. कागदावर ‘निर्दोष’ वाचूनही काहीजण पुन्हा पुन्हा तपासण्या करत राहतात. अपराधीपणा रक्तात दिसत नाही. दोन आठवडे झोप नसेल, कामात मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर रात्रीही मोफत बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच क्षणी कोणाला तरी सांगावे, एकटे राहू नये.

र. धों. कर्व्यांनी 1927 ते 1953 या काळात ‘समाजस्वास्थ्य’मधून वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरे दिली, खटलेही सोसले. आजही घरात हा विषय निघत नाही. मुलाने किंवा मुलीने तोंड उघडलेच, तर पालकांनी “कोण होती, कोण होता?” असे दरडावू नये. आधी झोप लागते का, एवढे विचारावे. आणि दवाखान्यात आल्यावर कंपाउंडरला कारण सांगायची गरज नाही. “डॉक्टरांशीच बोलायचे आहे” म्हटले तरी नंबर लागतो.