गोधडीचे अस्तर

गोधडीच्या सर्व थरांखाली पसरून त्यांना एकत्र धरून ठेवणारे सलग कापड. जुनी लुगडी, धोतरे, सदरे इत्यादींचे तुकडे एकावर एक रचून ते धावदोऱ्याने शिवले म्हणजे गोधडी तयार होते. तिला वाकळ असेही म्हणतात. वरच्या बाजूची ठिगळे व त्यांची रंगसंगती चटकन नजरेत भरते. तथापि गोधडी किती वर्षे टिकेल हे मुख्यतः अस्तरावरून ठरते. पूर्वी अस्तरासाठी बहुधा नऊवारी लुगडे घेत. लुगडी नेसण्याची चाल मागे पडत गेली, तसतशी पुष्कळ घरांतून त्याची जागा पलंगावरील चादरीने घेतली. हा बदल सोयीचा असला, तरी कोणतीही चादर ह्या कामास चालते असे नाही.

चादरीचा मुख्य गुण तिचा पन्हा होय. नऊवारी लुगडे सु. ८·२ मी. लांब असले, तरी त्याचा पन्हा सव्वा मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे मोठ्या माणसाच्या गोधडीसाठी त्याचे दोन तुकडे शेजारी शेजारी जोडावे लागतात व ही शिवण नेमकी अंगाखाली येते. हातमागाच्या कापडाचा पन्हा मुळात विणकराच्या हाताच्या आवाक्याने ठरे. धोटा एका हाताने टाकून दुसऱ्या हाताने झेलावयाचा असल्याने एकट्याला फार रुंद कापड विणता येत नसे. इंग्लंडमध्ये जॉन के ह्याने १७३३ मध्ये धावत्या धोट्याचे एकस्व घेतले, तेव्हा ही मर्यादा दूर होऊ लागली. आज एकेरी चादर साधारणतः १५० × २२५ सेंमी. व दुहेरी चादर २२५ × २५० सेंमी. वा त्याहून मोठी मिळते. एकेरी चादरीत एका गोधडीचे अस्तर जोडाशिवाय होते.

चादरीचा दोषही तिच्या विणीतच असतो. अंगाखाली घासून लवकर विरू नये म्हणून ती दाट विणलेली असते. उभे व आडवे धागे मिळून चौरस इंचाला १८० किंवा अधिक असले, म्हणजे सुई धाग्यांच्या मधून सहज जात नाही. एक थर असता हे जाणवत नाही. पाच-सहा थरांतून दिवसभर टाके घालताना मात्र बोटे दुखू लागतात, टाका लांबतो आणि लांब टाका पुढे पायाच्या बोटांत अडकून तुटतो. मऊ, विरळ विणीची साधी सुती चादर ह्या कामास उत्तम. सोलापुरी चादर जाड व जड असल्याने अस्तरापेक्षा आतल्या थरासाठी अधिक योग्य ठरते.

दुसरी अडचण आटण्याची. नवे सुती कापड पहिल्या काही धुण्यांत शेकडा ३ ते ५ आटू शकते; म्हणजे २२० सेंमी. लांबीत सु. ७ ते ११ सेंमी. घट येते. आतली जुनी वस्त्रे आधीच आटून स्थिर झालेली असतात. परिणामी नव्या कोऱ्या चादरीवर शिवलेली गोधडी पहिल्याच धुण्यात गोळा होते व महिना-दीड महिना खपून घातलेल्या ओळी वाकड्या होतात. सॅन्फर्ड क्लुएट ह्याने शोधून काढलेल्या व १९३० मध्ये एकस्व मिळालेल्या प्रक्रियेने कापड कारखान्यातच आटवून घेता येते. परंतु बाजारातील प्रत्येक चादरीवर ती केलेली नसते. त्यामुळे नवी चादर घ्यावयाचीच असेल, तर ती दोनदा धुऊन, तिची खळ काढून मगच वापरावी.

खळ काढण्याचे महत्त्व कोकणात विशेष आहे. फोंडाघाट (ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग) हे देवगड–निपाणी मार्गावरील गाव सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. घाटपायथ्याच्या अशा गावी पावसाळी गारठ्यात गोधडी लागते आणि नेमकी तेव्हाच ती धुता येत नाही. चुलीवरच्या वलणीवर एखादे लुगडे वाळेल, पण भिजलेली गोधडी आतून ओलीच राहते व तिला कुबट वास येतो. खळीतील पिठूळ अंश हे बुरशीचे आयते खाद्य. म्हणून गोधड्या मे महिन्यात धुऊन तापलेल्या कातळावर दोन्ही बाजूंनी वाळवून ठेवणे इष्ट. सूत व पॉलिएस्टर ह्यांच्या मिश्र चादरी लवकर वाळतात, हे खरे; परंतु अस्तर वाळले म्हणून आतले सुती थर वाळत नाहीत. शिवाय प्रमाणित हवेत कापूस आपल्या वजनाच्या सु. ८·५ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०·४ टक्के. त्यामुळे मिश्र अस्तर घाम टिपत नाही व अंगाला चिकटते.

ह्या सर्व दृष्टींनी जुनी, अनेकदा धुतलेली सुती चादर सर्वांत चांगली. ती आटून झालेली असते, तिचा रंग जावयाचा तेवढा गेलेला असतो आणि सुई तीत अडत नाही. तान्ह्या मुलाचे दुपटे जुन्या कापडाचे करतात, त्यामागेही हाच अनुभव आहे. मात्र चादर खांदे व कंबर टेकतात तेथे, म्हणजे मधोमध, विरते. उजेडासमोर धरली असता हा भाग कळून येतो. अशा वेळी लुगड्याला दंड घालतात तसा चादरीलाही घालता येतो : ती लांबीत मधोमध कापून विरलेला भाग काढून टाकावयाचा आणि न झिजलेले दोन्ही काठ मध्यभागी जोडावयाचे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धातील टंचाईच्या काळी गृहिणी चादरी अशाच वाचवीत. ह्यात बिनजोड अस्तराचा लाभ जातो. पण विरलेल्या अस्तरापेक्षा जोड बरा.

शिवताना अस्तर प्रथम, सुलटी बाजू जमिनीकडे करून, ताणून पसरतात व कोपऱ्यांवर वजने ठेवतात. चादरीच्या दुमडलेल्या कडा आधी उसवाव्या लागतात, नाहीतर तेथे थर फार जाड होतात. अस्तर चारी बाजूंनी ५–७ सेंमी. मोठे ठेवले, तर तेच वर दुमडून गोधडीचा काठ होतो. कच्चे टाके घालून थर बांधल्यावर कडेकडून आत, चौकोनात चौकोन अशा ओळी घालीत मध्यापर्यंत येतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या ‘कवंदी’तही टाके कडेकडून मध्याकडे जातात.

अस्तर फाटले म्हणून गोधडी टाकून देत नाहीत. जुन्या अस्तरावरच नवे लावून पुन्हा टाके घालतात. त्यामुळे वापरातल्या एखाद्या गोधडीत बाहेर चादर, तिच्याखाली लुगडे, अशी दोन-तीन अस्तरे एकाखाली एक सापडतात.