फुटपाथची कड आणि खुब्याचं हाड

गावातली आजी ऐंशीच्या पुढेही सरपणाची मोळी उचलते आणि शहरातली मावशी बाथरूममध्ये घसरली की खुबाच मोडतो, असं का? वाचक हे विचारतात तेव्हा शहराची हवा नाहीतर भेसळीचं दूध हे उत्तर त्यांनी बहुधा आधीच ठरवलेलं असतं. खरं उत्तर याहून रंजक आहे.

त्याचा पहिला धागा लंडनचे सर्जन सर अ‍ॅस्टली कूपर यांच्या १८२२ च्या ग्रंथात सापडतो. लंडनमध्ये मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुबा, मोडते ती बहुतेकदा उंच फुटपाथच्या कडेवरून पाय खाली घसरल्यामुळे, असं त्यांनी नोंदवलं. उतरण जेमतेम काही इंचांची! उतारवयात हाड आतून विरळ होतं म्हणून एवढंसं निमित्तही पुरतं, हेही त्यांनी ओळखलं. तेही एक्स-रे यायच्या सत्तर वर्षं आधी. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं.

पुढे आकडे आले. खुबा मोडण्याचं प्रमाण जिथं जगात सर्वांत जास्त आहे, अशा देशांत नॉर्वे-स्वीडन येतात. पण तिथंही ऑस्लो किंवा माल्मोपेक्षा ग्रामीण भागात ते कमी निघालं. ऑस्ट्रेलियात जिलाँगच्या परिसरातही तेच दिसलं. २००४ मध्ये नॉर्वेच्याच संशोधकांनी हाडांची घनता मोजली, तर खेड्यातल्या लोकांची हाडं अधिक घट्ट होती.

घट्ट कशानं? १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये शरीररचनातज्ज्ञ हेरमान फोन मायर यांनी मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला. तो पाहणारे कार्ल कुलमान हे पूल आणि क्रेनचं गणित मांडणारे इंजिनिअर. हाडातली बारीक जाळी त्यांना ओळखीची वाटली: क्रेनमध्ये ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात, त्याच या रेषा! भार पडेल तसं हाड स्वतःला घडवतं, हा नियम आज सर्जन यूलियस वोल्फ यांच्या नावानं शिकवला जातो. कुलमान यांचं नाव मात्र त्या मानानं फारसं घेतलं जात नाही. हा अन्याय आहे.

भार उचलणं सुटलं की काय होतं, ते हाँगकाँगनं दाखवलं. १९६६ ते १९८५ या काळात तिथल्या म्हाताऱ्या बायकांमध्ये खुबा मोडण्याचं प्रमाण दुपटीच्या वर गेलं. वीस वर्षांत वंश बदलत नाही, राहणी बदलते.

तरीही 'गावाकडची हाडं लोखंडाची' असं म्हणत बसू नये. तिरुपतीजवळच्या पाहणीत गावकऱ्यांच्या अंगात ड जीवनसत्त्व शहरवासीयांपेक्षा जास्त होतं, पण आहारात कॅल्शियम फारच कमी. हरियाणाच्या रोहतक जिल्ह्यात पन्नाशीपुढच्या एक लाख बायकांमागे वर्षाला १५९ आणि पुरुषांमागे १०५ खुबे मोडतात, असा २०१३ चा अभ्यास सांगतो. युरोपच्या मानानं हे कमी आहे, पण ही मोजदाद दवाखान्यात पोचलेल्यांची. जी म्हातारी घरातच खाटेला खिळली, ती यात कुठून येणार?

तेव्हा एक कळकळीची विनंती. पडल्यावर म्हाताऱ्या माणसाला पाय टेकवता येत नसेल, तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल, तर हाडवैद्याकडून चोळून घेऊ नका. त्याच दिवशी एक्स-रे काढा. ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हायला हवं.