टीडीपी-४३ : केंद्रक सोडून गेलेलं प्रथिन

फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६९ मध्ये एएलएस या आजाराचं वर्णन केलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. आधी हातातला पेला निसटतो, पाय अडखळतो, मग गिळणं अवघड होतं आणि शेवटी श्वास. आपल्याकडचे डॉक्टर याला मोटर न्यूरॉन डिसीज, किंवा नुसतं एमएनडी म्हणतात. स्टीफन हॉकिंग हा आजार घेऊन पन्नासहून अधिक वर्षं जगले, पण तो अपवाद. बहुतेकांच्या वाट्याला दोन ते पाच वर्षं येतात. रिलुझोल हे पहिलं औषध मिळायला १९९५ साल उजाडलं आणि तेही आयुष्य काही महिन्यांनीच लांबवतं. नेम धरायचा कशावर, हेच मुळात ठाऊक नव्हतं.

ते कळलं ऑक्टोबर २००६ मध्ये. या आजारात मेलेल्या पेशींमध्ये गुठळ्या असतात, हे जुनंच ज्ञान. त्या कशाच्या बनल्यात, ते मात्र कुणाला सापडत नव्हतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हर्जिनिया ली आणि जॉन ट्रोजानोव्स्की या जोडप्याच्या प्रयोगशाळेने मृत रुग्णांच्या मेंदूंतून त्या वेगळ्या काढल्या आणि त्यात एक प्रथिन ओळखलं : टीडीपी-४३. त्याच वर्षी जपानी संशोधकांचा निष्कर्षही तोच आला. आज आपल्याला माहीत आहे, की एएलएसच्या सुमारे ९७ टक्के रुग्णांमध्ये ही गुठळी असते. माणसाचा स्वभाव आणि भाषा पोखरणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या जवळपास निम्म्या रुग्णांतही तीच. एक रोग स्नायूंचा, दुसरा स्वभावाचा. मुळाशी प्रथिन एकच.

गंमत म्हणजे हे प्रथिन मेंदूवाल्यांचं नव्हतंच. १९९५ मध्ये ते एचआयव्हीच्या अभ्यासात सापडलं होतं. २००१ मध्ये इटलीतल्या ट्रिएस्ते इथे बुरात्ती आणि बाराल्ले यांना ते पुन्हा भेटलं, तेही सिस्टिक फायब्रोसिसच्या जनुकावर काम करताना. त्याचा खरा धंदा त्यांनी दाखवून दिला : आरएनएला, म्हणजे जनुकाच्या नकलेला, चिकटणं आणि त्याची काटछाट कुठे व्हावी ते ठरवणं.

निरोगी मज्जारज्जूचा पातळ काप घेऊन त्याला टीडीपी-४३ दाखवणारा रंग दिला, की सूक्ष्मदर्शकाखाली चेतापेशीचं केंद्रक गडद तपकिरी दिसतं. एएलएसच्या रुग्णाचा काप ठेवला, तर शेजारशेजारच्या पेशींत चित्र उलटलेलं असतं. केंद्रक फिकट निळं आणि रिकामं, तर बाहेरच्या पेशीद्रवात तपकिरी दोरे किंवा गोळा. काही पेशींत गोळा अजून जमलेला नसतो, पण केंद्रक रिकामं झालेलं असतं. माझ्या मते सगळा वाद या एका चित्रात आहे : पेशी मरते ती बाहेरच्या गुठळीने, की आतल्या उणिवेने?

आतली उणीव काय करते, ते २०१५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं. आपल्या जनुकांत कामाचा मजकूर असलेले तुकडे, म्हणजे एक्झॉन, असतात आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यांत एक्झॉनसारखे दिसणारे भुलवे दडलेले असतात. टीडीपी-४३ हा तिथला मुद्रितशोधक. आरएनएत यू-जी, यू-जी अशी अक्षरं ओळीने आली, की तो त्यांवर बसतो आणि नको असलेला मजकूर छपाईत जाऊ देत नाही. तो जागेवरून उठला, की फालतू ओळी आरएनएत घुसतात आणि त्यावरून बनायचं प्रथिन बनतच नाही.

अशा बिघडलेल्या आरएनएंपैकी दोन फार महत्त्वाचे आहेत. पहिला स्टॅथमिन-२ चा, जो २०१९ मध्ये सापडला. चेतापेशीचा लांबलचक तंतू टिकवायला आणि तुटला तर पुन्हा वाढवायला हे प्रथिन लागतं. दुसऱ्याची, यूएनसी१३ए ची, कथा जास्त रंगतदार आहे. त्याच्याजवळचा एक जनुकीय फरक एएलएसचा धोका वाढवतो, हे २००९ मध्येच कळलं होतं, पण का, ते तेरा वर्षं कळेना. २०२२ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी उत्तर दिलं : धोका वाढवणारी अक्षरं नेमकी त्या भुलव्याच्या आसपास बसलेली आहेत. टीडीपी-४३ कमी पडलं, की ज्याच्याकडे ती अक्षरं असतात त्याचं जास्त बिघडतं.

मग थेट टीडीपी-४३ वरच औषध का काढत नाहीत? बाहेर त्याची गुठळी आहे म्हणून ते कमी करावं, तर आत आधीच उपासमार. आत कमी आहे म्हणून वाढवावं, तर प्रयोगांत जादा टीडीपी-४३ दिलेल्या उंदरांच्या चेतापेशी मेल्या. जनुक पूर्ण काढलेले उंदीर तर जन्मालाच येत नाहीत. शिवाय हे प्रथिन स्वतःच्या आरएनएला चिकटून स्वतःचं उत्पादन आवरतं. केंद्रक रिकामं झालं, की हा लगाम सुटतो, पेशी आणखी टीडीपी-४३ बनवते आणि गुठळीला आणखी माल मिळतो.

म्हणून आडवाटा शोधल्या गेल्या. अटॅक्सिन-२ हे दुसरं प्रथिन कमी केलं, तर टीडीपी-४३ ने आजारी उंदीर खूप जास्त जगतात, असं २०१७ मध्ये दिसलं. त्यावर बायोजेन या कंपनीने औषध आणलं, माणसांवर चाचणीही झाली. औषधाने अटॅक्सिन-२ खरोखर कमी केलं, पण रुग्णांना फायदा झाला नाही. २०२४ मध्ये काम थांबलं.

आता पैज लागली आहे ती बिघडलेला आरएनए थेट दुरुस्त करण्यावर. अँटीसेन्स नावाचे आरएनएसारखे छोटे तुकडे कण्यातून टोचायचे. ते भुलव्यावर जाऊन बसतात आणि मुद्रितशोधकाची उणीव भरून काढतात. कल्पना हवेतली नाही. लहान मुलांच्या एसएमए या चेतापेशींच्या रोगात असंच चालणारं नुसिनर्सेन अमेरिकेत २०१६ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालं. स्टॅथमिन-२ दुरुस्त करणारं क्युआरएल-२०१ मानवी चाचणीत उतरलं आहे. तरीही उत्साहाला आवर घालावासा वाटतो. टीडीपी-४३ उठून गेलं, की बिघडणाऱ्या आरएनएंची यादी लांबलचक असते. त्यातला एक सुधारून पेशी वाचेल, हे अजून सिद्ध व्हायचंय. मला यूएनसी१३ए वर जास्त भरवसा वाटतो, कारण तिथे खुद्द रुग्णांच्या जनुकांनीच साक्ष दिली आहे.

आणि इथे उंदीर फारसा कामाचा नाही. स्टॅथमिन-२ आणि यूएनसी१३ए मधले हे भुलवे माणसात आहेत, उंदरात नाहीत. २०२३ मध्ये स्टॅथमिन-२ ची दुरुस्ती तपासायला उंदरात मुद्दाम माणसाचा तुकडा घालावा लागला. म्हणजे या रोगाबद्दल जे खात्रीने कळलं, ते मुख्यतः मेलेल्या माणसांच्या मेंदूंतून, त्यांच्या घरच्यांनी होकार दिला म्हणून.

बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदूच्या ऊतींची पेढी १९९५ पासून आहे, पण मृत्यूनंतर काही तासांत मेंदू पोचायला हवा, आणि महाराष्ट्रातून ते जमणं अवघड. नेत्रदान, देहदान आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. तेव्हा जवळच्या मेडिकल कॉलेजात देहदानाचा अर्ज भरायला जाल, तर मेंदू संशोधनासाठी वेगळा जतन करण्याची सोय आहे का, हे तिथे जरूर विचारा. घरात एमएनडीचा रुग्ण असेल, तर हा विषय त्याच्यापाशी तो बोलू शकतो आहे तोवर काढा.